दोन नंबरची कॉइल

साताऱ्याला मामांकडे निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना गाडी झटके मारायला लागली आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा स्थिर लागला असेल तर बहुतेक वेळा सावकाश गॅरेज गाठता येतं. लुकलुकला म्हणजे मिसिंग जोरात आहे, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं आणि तिथला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून कायमचा निकामी होऊ शकतो. मागे आई-बाबा होते, घाटात थांबायला जागा नव्हती. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका ठेवून घाट ओलांडला, पलीकडच्या वेळे गावात गाडी बंद केली आणि टोचन लावून मामांच्या अंगणात आणली.

मामांनी बोलावलेले मिस्त्री आवाज ऐकूनच म्हणाले, "फ्युएल पंप बदला, इंजेक्टर साफ करून घ्या." मला ते पटेना. पंप कमजोर असता तर चारही सिलिंडर उपाशी राहिले असते. इथे थरथर एका ठेक्यात होती, म्हणजे एकच सिलिंडर चुकत असावा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारं यंत्र, लावला. कोड आला पी०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दुसरा.

पण कोड सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. इंजिन थंड होऊ दिलं, दोन आणि तीन नंबरच्या इग्निशन कॉइलची (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) अदलाबदल केली, कोड पुसला, गाडी सुरू केली. थोड्या वेळात पी०३०३! कॉइलबरोबर दोषही सरकला. कोड दोनवरच राहिला असता तर आधी प्लग, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं असतं.

नवी कॉइल टाकून मोकळं व्हायचा मोह झालाच. पण काढलेल्या कॉइलचं रबर तेलकट होतं. टॉर्च मारून पाहिलं, तर दोन नंबरच्या प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलेलं. टॅपेट कव्हरखालची, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखालची, सील कडक होऊन गळत होती. ऑइलने रबर फुगतं, मग ठिणगी प्लगपर्यंत न जाता बाजूच्या धातूकडे पळते. नवी कॉइलही तशीच गेली असती.

मग मिस्त्रींनीच मनापासून मदत केली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, खड्ड्यांची सील, एक कॉइल आणि चार प्लग, एवढं बदललं. प्लग काढायच्या आधी ऑइल पुसून घेतलं, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरतं. नवे प्लग आधी हातानेच फिरवले; प्लग बसतात ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, आटे गेले तर मोठं काम निघतं.

महिन्याभराने कॉइल काढून चारही खड्डे पुन्हा पाहिले. कोरडे आहेत.