गंज समुद्राचा, गंज रणगाड्याचा

मी रत्नागिरीतल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो आणि माझे घर मिरकरवाडा बंदरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. खाऱ्या वाऱ्यामुळे आमच्या खिडक्यांचे गज, गेटाच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी, इतकेच काय, कपाटातल्या टाचण्याही गंजतात. दर वर्षी गणपतीच्या आधी गेट खरवडून त्याला रेड ऑक्साइडचा हात देणे हे आमच्याकडे सणाच्या साफसफाईइतकेच नेमाचे काम आहे. त्यामुळे गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत सेंच्युरियन रणगाड्याचे मॉडेल बांधायला घेतले तेव्हा मला धास्ती होती ती जोडणीची. त्यावर गंज, धूळ आणि वापराच्या खुणा रंगवण्याचे काम, ज्याला मॉडेल बांधणारे वेदरिंग म्हणतात, ते आपल्याला सहज जमेल असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात जोडणी तीन आठवड्यांत उरकली आणि वेदरिंगने मला आठ महिने राबवले.

सेंच्युरियनच का, तर पूना हॉर्समुळे. या रेजिमेंटला मिळालेली दोन्ही परमवीर चक्रे सेंच्युरियनमधून लढताना मिळालेली आहेत: पहिले सप्टेंबर 1965 मध्ये लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना आणि दुसरे 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना, दोन्ही मरणोत्तर. खेत्रपाल तेव्हा एकवीस वर्षांचे होते. शाळेत असताना मी त्या रणगाड्याचे चित्र वहीत कितीदा तरी काढले होते, पण ते नेहमी एका बाजूने, कारण दुसरी बाजू कशी दिसते हे मला कुठे पाहायला मिळाले नव्हते. मुंबईहून मागवलेला संच तामिया या जपानी कंपनीचा होता, प्रमाण एकास पस्तीस. म्हणजे साडेसात मीटरहून थोडा अधिक लांब असा या रणगाड्याचा सांगाडा संचात साधारण बावीस सेंटिमीटरचा होतो आणि मध्यम उंचीचा माणूस त्याच्याशेजारी उभा केला तर जेमतेम पाच सेंटिमीटर भरतो. हे प्रमाण पुढे माझ्या चुकीचे मोजमाप ठरणार होते.

जोडणीविषयी फार लिहीत नाही, कारण संच चांगला होता आणि भाग एकमेकांत नीट बसत होते. एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. सेंच्युरियनच्या बुरुजाचा मुख्य भाग ओतीव पोलादाचा असतो आणि त्याचा पृष्ठभाग जवळून पाहिल्यास खडबडीत दिसतो. प्लास्टिकचा बुरूज मात्र साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होता. प्लास्टिक विरघळवणारा पातळ सिमेंट, म्हणजे मॉडेल जोडायचा गोंद, थोड्या थोड्या भागावर लावायचा आणि तो ओला असतानाच केस झडलेल्या जुन्या ब्रशने टोचत जायचे, की ओतकामाचा पोत उमटतो. मी हे संकोचत संकोचत केले आणि वाळल्यावर त्यावरून बारीक पॉलिश कागद हलकेच फिरवला. या मॉडेलातला पहिल्या प्रयत्नात साधलेला भाग म्हणजे तो बुरूज. ट्रॅक, म्हणजे चाकांभोवती फिरणारे पट्टे, मऊ रबरासारख्या प्लास्टिकचे, एकसलग होते. त्यांचा वरचा भाग बाजूच्या पत्र्यांआड झाकला जात असल्यामुळे तिथे मेहनत घ्यावी लागली नाही, आणि ही सवलत मी आनंदाने घेतली.

रंगकाम सुरू झाले आणि पाऊस आला. कोकणातल्या जुलै महिन्यात रंगकाम करू नये हे मला समजायला हवे होते, कारण वर्गात मुलांची जलरंगातली चित्रे तेव्हा दोन दोन तास ओली राहतात. हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या एअरब्रशच्या कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर पाण्याचे थेंब येऊ लागले आणि मॅट वॉर्निशचा हात दुधासारखा पांढरट होऊन बसला. त्यातच मी मिठाची पद्धत वापरायला निघालो. या पद्धतीत आधी गंजाच्या रंगाचा थर द्यायचा, तो वाळल्यावर ओलसर करून त्यावर मिठाचे खडे पसरायचे, पाणी सुकून खडे चिकटले की वरून हिरवा रंग मारायचा आणि शेवटी मीठ झाडून काढायचे. खड्यांच्या जागी खालचा गंज उघडा पडतो आणि रंगाचे पापुद्रे सुटल्यासारखे दिसते. कोरड्या गावी हे उत्तम चालत असेल. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून विरघळायला लागते, आणि आमच्याकडे जुलैत तिचा आकडा दिवसचे दिवस त्याच्या खाली येत नाही. सकाळी उठून पाहिले तर खडे जागेवर नव्हते. त्यांचे पाणी होऊन ते बाजूच्या पत्र्यांवरून ओघळले होते. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकणाऱ्या आईला मी हे सांगितले तेव्हा तिने फक्त माझ्याकडे पाहिले.

तरीही मी हट्ट सोडला नाही. मीठ नाही तर नाही, म्हणून ब्रश घेऊन हाताने गंज रंगवला, आणि तो रंगवताना समोर बंदर होते. ट्रॉलरच्या कडांवरून, नांगराच्या साखळीवरून, वेल्डिंगच्या सांध्यांमधून खाली ओघळणारे नारिंगी पट्टे मी किती वर्षे पाहत आलो आहे; ते जसेच्या तसे मी रणगाड्यावर उतरवले. चित्र म्हणून ते चांगले झाले होते, हे आजही म्हणेन. आमच्या शेजारी चिलखती दलातून निवृत्त झालेले एक दफेदार राहतात. त्यांनी आधी विजयंता आणि मग टी-72 हे रणगाडे चालवले आहेत. त्यांना मी मोठ्या हौसेने मॉडेल दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सारून ते डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो रणगाडा हाय की बुडालेला ट्रॉलर वर काढलाय?"

मला राग आला, पण त्यांचा मुद्दा त्यांनी नंतर चहा घेताना शांतपणे समजावला. फौजेत चालू असलेल्या गाडीवर असा गंज राहूच देत नाहीत. मेंटेनन्स परेडला गाडी धुतात, तेलपाणी करतात, रंग उडाला की त्याच जागेवर पुन्हा रंग मारतात, आणि त्यामुळे एकाच गाडीवर हिरव्याच्या तीन तीन छटा दिसतात. जिथून माणसे चढतात तिथला रंग बुटांनी घासून चकचकीत होतो, तिथे गंज धरायला उसंत मिळत नाही. धूळ सगळीकडे सारखी बसत नाही. जिथे तेल किंवा ग्रीस सांडले आहे तिथे ती काळी होऊन चिकटते आणि बाकीची वाऱ्याबरोबर उडून जाते. "गंज बघायचा तर गोळा लागून महिनोन्‌महिने मैदानात पडलेली गाडी बघा," असे ते म्हणाले, "चालू गाडीवर गंज दिसला तर आधी ड्रायव्हरला विचारतील."

त्या रात्री मी पट्टी घेऊन बसलो. मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा टवका प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटरचा होतो. मी काढलेले टवके तीन तीन मिलिमीटरचे होते, म्हणजे तळहाताएवढे. आणि दोन सेंटिमीटरचा ओघळ म्हणजे सत्तर सेंटिमीटर लांबीचा गंजाचा पट्टा, जो पडायला लोखंडावरून कित्येक महिने खारे पाणी वाहायला हवे. ट्रॉलरवर ते वाहते. माझ्या हाताला बंदरातल्या गंजाची सवय होती आणि तो हात मी जम्मूच्या सीमेवरच्या रणगाड्यावर चालवला होता. मॉडेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सगळा रंग उतरवला. त्याला चार संध्याकाळी लागल्या आणि बुरुजावरच्या दोन नाजूक कड्या तुटल्या.

दिवाळीच्या सुटीत मी अहिल्यानगरला गेलो. तिथले रणगाडा संग्रहालय 1994 मध्ये सुरू झाले असून ते चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राच्या अखत्यारीत आहे. उघड्या आवारात मटिल्डा, चर्चिल, व्हॅलेंटाइन, शेर्मन, पॅटन आणि सेंच्युरियन असे कितीतरी रणगाडे मांडलेले आहेत. वेदरिंग शिकायला संग्रहालयातली गाडी मुळीच उपयोगी नाही, हे आधी सांगतो, कारण ती प्रदर्शनासाठी नव्याने रंगवलेली असते आणि तिच्यावरचा गंज किंवा धूळ ही युद्धाची नसून आवारात उभे राहिल्याची असते. पण आकार, जाडी आणि पत्र्याचा स्वभाव समजायला तिच्यासारखे काही नाही. सेंच्युरियनच्या बाजूचे पत्रे चिलखताच्या मानाने किती पातळ असतात, चाकांवरच्या रबराची कड कशी कुरतडली जाते, वेल्डिंगचा जोड किती रुंद आणि ओबडधोबड असतो, हे मी तिथे अर्धा दिवस वहीत उतरवून घेतले. शाळेत चितारलेल्या रणगाड्याची दुसरी बाजू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

नोव्हेंबरअखेर हवा कोरडी झाली आणि मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी हिरवा रंग मुद्दाम थोडा फिका घेतला, कारण लहान वस्तूवर मूळ छटा वापरली तर ती डोळ्यांना अधिक गडद दिसते. दफेदारांनी सांगितलेले डागडुजीचे चौकोन दोन निराळ्या हिरव्यांनी टाकले. मग तैलरंग. हे माझ्या रोजच्या पेटीतले साहित्य असल्यामुळे इथे हात मोकळा होता: रंग आधी पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवायचा, म्हणजे त्यातले जवसाचे तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग वाळल्यावर चमकत नाही, मग पांढरा, पिवळा ऑकर आणि बर्न्ट अंबर यांचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके पत्र्यावर ठेवून टर्पेन्टाइनमध्ये नुसत्या ओल्या केलेल्या ब्रशने ते वरून खाली ओढत जायचे. ठिपके दिसेनासे होतात आणि एकसुरी हिरव्यात ऊन-पावसाने आलेला चढउतार तयार होतो. खाली ॲक्रिलिकचा थर असल्यामुळे टर्पेन्टाइन त्याला धक्का लावत नाही. बोल्टांभोवती आणि झाकणांच्या फटींत गडद तपकिरी पातळ वॉश सोडला.

टवक्यांसाठी स्पंजचा तुकडा चिमट्यात धरून, रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपून मग टेकवला, आणि तोही फक्त बाजूच्या पत्र्यांच्या खालच्या कडा, झाकणांच्या कडा आणि चढण्याच्या वाटेवर. जिथे बूट घासतात तिथे रंग लावलाच नाही. सहा-बी पेन्सिलचे ग्रॅफाइट बोटाने चोळले. ट्रॅकच्या जमिनीला टेकणाऱ्या उंचवट्यांनाही तेच केले, कारण चालत्या रणगाड्याचे ट्रॅक जमिनीशी घासून तिथे पोलादी चकाकतात आणि खोलगट भागात तेवढे मळकट तपकिरी राहतात. खरा गंज मी एकाच जागी मनसोक्त रंगवला, तो मागच्या बाजूच्या दोन्ही सायलेन्सरवर. सेंच्युरियनच्या मिटिऑर इंजिनाच्या उष्णतेने तिथला रंग जळतो आणि उघडे पडलेले लोखंड भराभर लाल होते, त्यामुळे तिथे बंदराची आठवण येऊ द्यायला हरकत नव्हती.

धुळीने मात्र पुन्हा अडवले. अंगणातली माती मलमलच्या फडक्यातून गाळून मी पहिल्यांदा चाकांवर टाकली आणि रणगाडा क्षणात कोकणात आला. जांभ्याची माती लोहामुळे तांबडी असते. बसंतर नदीकाठची माती नद्यांच्या गाळाची, फिकट, भुरकट. शिवाय फडक्यातून गाळूनही राहिलेला एखादा कण या प्रमाणात खडीएवढा दिसत होता. मांडवीच्या किनाऱ्यावरची वाळू आणून पाहिली, ती काळी. शेवटी शाळेतल्या पेस्टलच्या उरलेल्या कांड्या, राखाडी, ऑकर आणि पांढरी, पॉलिश कागदावर घासून त्यांची पूड केली, ती कोरड्या ब्रशने चाकांच्या आतल्या बाजूला आणि पुढच्या फेंडरखाली टाकली आणि थिनरचा एकेक थेंब कडेने सोडून तिथल्या तिथे बसवली. थेंब ओला असताना पूड नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि सुकल्यावर दुप्पट दिसते, त्यामुळे पहिल्या दिवशी मी गरजेपेक्षा जास्त टाकली आणि दुसऱ्या दिवशी निम्मी पुसून काढली.

खेत्रपालांच्या रणगाड्याचे नाव फामागुस्ता होते. ते बुरुजावर लिहावे असे मुलाचे म्हणणे होते आणि मला अक्षर चांगले काढता येते. तरी मी ते लिहिले नाही. रंग उतरवून पुन्हा रंगवलेल्या, कड्या तुटलेल्या माझ्या सरावाच्या वस्तूला ते नाव देणे मला बरे वाटेना.

जानेवारीत काम संपले. दफेदारांनी ते खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिले, मागच्या बाजूला इंधन भरण्याच्या झाकणाशी बोट नेले आणि तिथे सांडल्याचा डाग हवा एवढेच म्हणाले. तो डाग त्यांच्यासमोरच टाकला. या जूनमध्ये कपाट उघडले तेव्हा मागच्या पत्र्यावर एक नारिंगी ओघळ दिसला, जो मी काढलेला नव्हता. ओढण्याचा दोर म्हणून मी बांधकामातली बारीक लोखंडी तार पिळून लावली होती आणि काचेच्या कपाटातही खाऱ्या हवेने तिला गाठले होते. तार काढून त्या जागी जळालेल्या पंख्याच्या मोटारीतली तांब्याची तार पिळून, करडी रंगवून बसवली. ओघळाच्या जागी पत्र्यात रंग मुरला होता, तो पुसून गेला नाही, म्हणून त्यावर थोडी पेस्टलची धूळ टाकली आहे.