फॉर्ममधला ‘तुमची पातळी’ हा रकाना

अमेरिकेत ब्लूग्रास (तिथलं तारवाद्यांवरचं लोकसंगीत) मँडोलिनच्या शिबिराचा फॉर्म भरायला घेतला की नाव, पत्ता, जेवण शाकाहारी की मांसाहारी, इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग रकाना येतो: तुमची पातळी कोणती? नवशिके, मध्यम की प्रगत? ठरवायचं आपणच. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, गुरुजींचा शब्द नाही. प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्या पाहत वाढलेल्या माणसाला हे खटकतं आणि मलाही ते अजून पुरतं पटलेलं नाही. शिकणाऱ्याने स्वतःचंच मोजमाप करायचं तर मापपट्टी तरी द्या! ती नसते, म्हणून आपल्यातले बरेच जण संकोचाने ‘नवशिके’वर खूण करतात आणि चार दिवस पिक (तारा छेडायची चकती) कसं धरायचं तेच ऐकतात. काहींच्या वीस धुना पाठ असतात, ते ‘प्रगत’ लिहितात आणि पहिल्या संध्याकाळच्या जॅममध्येच, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायच्या बैठकीत, त्यांचा हात थांबतो.

दोघांचीही चूक एकच. आपण पातळी मोजतो ती किती धुना येतात यावर. ब्लूग्रासमध्ये ती मोजायची चॉपवर, म्हणजे तारांवर मारून लगेच तोडलेल्या ‘चक्’ अशा ठोक्यावर.

आपल्या कानातलं मँडोलिन हिंदी सिनेमातलं आहे. सज्जाद हुसेन यांचा हात, लक्ष्मीकांत कुडाळकर पोरवयापासून वाजवत होते ते वाद्य, थरथरत लांबवलेला सूर. इथे तो थरथरता सूर मुख्यतः संथ गाण्यांत. एरवी मँडोलिनकडे ड्रमचं काम असतं, कारण बिल मन्रो यांनी 1940च्या दशकात घडवलेल्या या बाजात परंपरेने ड्रम नसतो. चार मात्रांत पहिली आणि तिसरी बासची, दुसरी आणि चौथी मँडोलिनच्या ‘चक्’ची. आपला हात समेवर वजन टाकायला शिकलेला, त्यामुळे पहिली मात्रा दुसऱ्यासाठी सोडून द्यायची हेच आधी अवघड जातं. तबल्याची चांगली जाण असलेलेही इथे चुकतात.

तारांच्या चार जोड्या व्हायोलिनसारख्याच लागतात: जी, डी, ए, ई. चॉपसाठी जी कॉर्ड (एकदम वाजणारा सुरांचा गुच्छ) असा धरतात: जी तारेवर सातवा फ्रेट (मानेवरची आडवी पट्टी) करंगळीने, डीवर पाचवा अनामिकेने, एवर दुसरा तर्जनीने, ईवर तिसरा मधल्या बोटाने. एकही तार मोकळी नाही, त्यामुळे हाच आकार दोन फ्रेट सरकवला की ए कॉर्ड, चार सरकवला की बी. पिक खाली मारायचं आणि आवाज फुटताक्षणी डाव्या हाताचा दाब सोडायचा, बोटं मात्र तारांवर टेकलेलीच ठेवायची. दाब आधी सुटला तर सूर नसलेली नुसती टकटक, उशिरा सुटला तर कॉर्ड रेंगाळतो. बोटं उचलली तर मोकळ्या तारा घणघणतात. करंगळी सातव्या फ्रेटला पोचत नाही तेव्हा दोष बोटाच्या लांबीला देऊ नका. बहुतेक वेळा वाद्याची मान तळहातात रुतवलेली असते. ती अंगठा आणि तर्जनीच्या मुळाशी टेकवा, तळहात मोकळा ठेवा, मनगट थोडं पुढे काढा.

आता परीक्षा. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 50 ठोक्यांवर लावा आणि त्याचा प्रत्येक ठोका दुसरी किंवा चौथी मात्रा धरा. जी, सी, डी असे कॉर्ड बदलत तीन मिनिटं चॉप करा. अचूक पडला तर ठोका चॉपखाली झाकला जातो. ठोका आधी ऐकू आला तर तुम्ही रेंगाळताय, नंतर ऐकू आला तर पळताय. बहुतेक जण पळतात, आणि नेमके कॉर्ड बदलताना. 50वर हे जमत नसेल तर एवढ्यात मोठ्या शिबिरावर पैसे घालू नका, दोन महिने घरीच घासा. बँजोवादक पीट वर्निक यांच्या पद्धतीचे जॅम वर्ग याला अपवाद. तिथे जी, सी, डी, ए हे कॉर्ड सहज बदलता आले की पुरतं, एकट्याने धून वाजवायची सक्ती नसते. 80वर चॉप टिकला आणि त्याच गतीने, ठोक्याला चार सूर धरून, एखादी धून चूक झाली तरी न थांबता शेवटपर्यंत गेली, तर तुम्ही मध्यम. एकदाच ऐकलेल्या गाण्यावर बी किंवा बी फ्लॅट या पट्टीत आपली एकट्याने वाजवायची फेरी रचता येत असेल, तरच प्रगत.

एका बाबतीत मात्र आपण पुढे असतो. या वर्गांत शिक्षक अनेकदा कानाने शिकवतात, आणि टॅबच्या (कुठल्या तारेवर कितवा फ्रेट हे आकड्यांत लिहिलेल्या) कागदावर वाढलेले लोक तिथे चाचपडतात. पेटीवर गाणी उचललेल्याला सुरावट लगेच सापडते. पण कॉर्ड कुठे बदलला हे त्याच कानाला कळत नाही, कारण ती सवय आपल्याला कुणी लावलेलीच नाही. म्हणून ‘तीन कॉर्डचं तर संगीत’ असं घरच्या मंडळींनी म्हटलं की मला राग येतो. ते तीन कॉर्ड नेमक्या मात्रेवर बदलून दाखवावेत. आणि नवख्याला जाणत्यांच्या शेजारी बसवतात याचं इथे फार कौतुक चालतं, पण गुरूच्या मागे तंबोरा धरून बसणं तरी वेगळं काय असतं? जॅमच्या बाहेरच्या कडीत बसून हलका चॉप धरणं म्हणजे तेच.

पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा: एका वर्गात किती जण? बारा-पंधराच्या वर असतील तर तुमच्या हाताकडे कुणी बघणार नाही, शिक्षक कितीही नामवंत असो. संथ गतीचा जॅम आहे का? रेकॉर्डिंग चालतं का? वाद्याला नव्या तारा चार दिवस आधी चढवा (11 ते 40चा संच, म्हणजे तारांची जाडी इंचाच्या हजारांशांत), म्हणजे त्या ताणून स्थिर होतात. एका वेळी एकच जोडी बदला, कारण घोडी चिकटवलेली नसते, सगळ्या तारा काढल्या की ती सरकते आणि वरच्या फ्रेटवर सूर चुकतो. पिक 1.4 मिलिमीटरच्या आसपास जाड हवं, पातळ पिकाने चॉप फडफडतो. घरी रोज अर्धा तास वाजवणाऱ्याला तिथे पाच-सहा तास वाजवायचं असतं, म्हणून आधीचे दोन आठवडे पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या बैठकींनी दोन तासांपर्यंत या. मनगट दुखलं तर त्या दिवशी थांबा.

आणखी एक गोष्ट घरीच तपासता येते. जॅममध्ये गाणं संपवायची खूण म्हणजे गाणं धरणाऱ्याने उचललेला पाय. नजर फ्रेटवर खिळलेल्याला तो दिसत नाही आणि बाकीचे थांबल्यावर तो एकटाच वाजवत राहतो. तेव्हा समोरच्या भिंतीकडे बघत जी, सी, डी बदलून पाहा. 80ची परीक्षा पार झाली असेल आणि हेही जमलं, तर रकान्यात बिनधास्त ‘मध्यम’ लिहा आणि पैसे भरा.