खडा बदलला नव्हता

कोल्हापुरात गुजरीला, म्हणजे सराफ बाजाराला लागून आमची रत्नं तपासायची छोटी लॅब आहे. त्या सोमवारी कुलूप काढतानाच जिन्यात दोघांचे आवाज चढलेले ऐकू आले. एक इस्लामपूरचे निवृत्त गुरुजी. दुसरा आमच्याच बोळातला कारागीर, वीस वर्षं ओळखीचा. गुरुजींनी अंगठी टेबलावर ठेवली.

"मॅडम, माझं माणिक यानं बदललं. अंगठी सैल करायला दिली होती. कसा लालभडक खडा होता, आणि हे बघा काय परत दिलंय!"

खड्यावर पांढरट रेघांचं जाळं पसरलं होतं, भिंगाचीही गरज नव्हती. कारागिराचा चेहरा उतरलेला. तो एवढंच म्हणाला, "ताई, तुम्ही बघा. तुम्ही सांगाल ते मला कबूल."

गुजरीत कारागिरावर खडा बदलल्याचा आळ आला की त्याच्याकडं कुणी चिमूटभर सोनंही देत नाही. त्यामुळं हातातलं सगळं काम बाजूला ठेवलं.

गुरुजींनी खड्याबरोबर मिळालेलं कार्ड जपून ठेवलं होतं, हे फार बरं झालं. वजन 4.78 कॅरेट, म्हणजे बाजारातली सव्वापाच रत्ती. मापं 10.20, 9.00 आणि 6.50 मिलिमीटर. खडा कोंदणातून काढून मोजला. तिन्ही मापं तीच. वजन मात्र 4.75. म्हणजे खडा तोच. मग तीन सेंट, म्हणजे 0.03 कॅरेट, गेले कुठं?

मायक्रोस्कोपखाली खडा जरा तिरपा केला आणि एका चिरेतून निळी झाक चमकून गेली. पुन्हा फिरवला, पुन्हा तीच. शेजारी चपटे, गोल बुडबुडे अडकलेले. शिशाची काच!

खाणीतून निघणारं पुष्कळसं माणिक चिरांनी भरलेलं, धुरकट असतं. 2004 च्या सुमारास असा माल शिशाच्या काचेनं भरून बाजारात येऊ लागला. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवायचं प्रमाण, माणकाच्या जवळ असल्यानं चीर डोळ्यांना दिसेनाशी होते आणि कवडीमोल खडा झळकायला लागतो. माणिक स्वतः 2,000 अंशांच्या वर वितळतं, पण ही काच सोनाराच्या आचेलाच मऊ पडते आणि तेजाबात झिजते. लिंबाच्या रसानंही तिची वाट लागते.

कारागिराला विचारलं, तर त्यानं खडा न काढताच डाग दिला होता, म्हणजे आचेवर सांधा जोडला होता, आणि अंगठी तेजाबात टाकली होती. "गुरुजी खडा माणिक आहे म्हणाले, ताई. माणकाला आच चालते." मी त्याला तिथंच बोलले. कुठलाही खडा आधी काढायचा, गिऱ्हाईक काहीही म्हणो. पण चोरी त्यानं केलेली नव्हती.

गुरुजींना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. बुडबुडे त्यांनी स्वतः पाहिले.

"म्हणजे हे नकलीच की!"

"माणिक खाणीतलंच आहे, गुरुजी. पण चिरांत काच भरलीय."

मग मी कार्ड उलटं केलं. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत शेरा होता: भेगांमध्ये काच भरलेली आहे. कार्ड खरं होतं. विकणाऱ्यानं पुढची बाजू दाखवून 'नैसर्गिक माणिक' एवढंच वाचून दाखवलं होतं आणि 48,000 रुपये घेतले होते. असा काचभरला खडा कॅरेटला शेकड्यांच्या भावात मिळतो, आणि काच न भरलेलं तेवढंच लाल, स्वच्छ माणिक त्या पैशात सव्वापाच रत्तीचं मिळणं शक्यच नाही. मला राग आला तो याचा. सांगून विकलं असतं तर काचभरलं माणिकही हौसेनं घेणारे आहेत.

गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग कारागिराकडं वळून म्हणाले, "बाबा, मी तुला नाही नाही ते बोललो. मनात ठेवू नकोस."

महिन्याभरानं दोघं पुन्हा आले, एकत्र. कागदाच्या पुडीत जांगड आणलेलं जेमतेम सव्वा कॅरेटचं माणिक होतं. पैसे अजून दिले नव्हते. पुडी माझ्याकडं सरकवत गुरुजी म्हणाले, "मॅडम, याच्यावर काय काय केलंय, तेवढं आधी सांगा."