टाळ न थांबवणारी दिंडी

वारीत लहान-मोठं काही नसतं, असं जे टीव्हीवर सांगतात ते अर्धंच खरं आहे. कुठली दिंडी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या रथापुढे, कुठली मागे, कुणाचा नंबर कितवा, हे सगळं ठरलेलं असतं. रथापुढे २७, बाकीच्या मागे. हा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेली शिस्त आजही पाळतात. आमची दिंडी पार मागे. पुढच्यांनी पाणी भरून झालं की टँकर आमच्याकडे यायचा. पहाटे तीनला आंघोळ उरकायची ती अंधारात, साडीचा आडोसा धरून.

मी आले होते ते या सगळ्यापासून सुटायला. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर सोसायटीतली हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली आणि मीही हळूहळू दार लावून घेतलं. कुणी विचारू नये म्हणून कुणाला भेटायचंच नाही. पण चौकशी इथेही चुकली नाही. 'मालक नाही आले?' हडपसर यायच्या आत तिघींनी विचारलं.

आणखी एक अडचण म्हणजे पाऊल. ओळीत चालायचं तर टाळाच्या ठेक्यावर पाय पडायला हवा, माझा हटकून चुकायचा. मागच्या बाईच्या अंगठ्यावर मी दोनदा तरी पाय दिला असेल. दिवे घाटाच्या चढावर विणेकरी बुवा हसून म्हणाले, 'माउली, पायाकडं बघू नका. टाळ ऐका.' सासवड येईतो जमलं. जेजुरीला परत चुकायला लागलं, ते सोडा.

लोणंदच्या तळावर समाजआरती जवळून पाहिली. सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमलेल्या, टाळांचा नुसता कल्लोळ. शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावला आणि हजारो टाळ एकदम थांबले. एका कोपऱ्यात मात्र खणखणाट चालूच. मला वाटलं, यांना दिसलं नसावं. शेजारच्या आजी म्हणाल्या, 'दिसलंय की. तक्रार आहे त्यांची.' ज्या दिंडीला काही सांगायचं असतं ती टाळ थांबवत नाही. मग चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात. तसंच झालं. मग हरवल्या-सापडल्याची यादी, उद्याची निघायची वेळ आणि आरती. मी मात्र त्या कोपऱ्यातल्या माणसांकडेच बघत होते. एवढ्या समाजासमोर बेताल वाजवत उभं राहायचं, आणि कुणी दटावत नाही.

या आजी परभणीकडच्या. डोक्यावर तुळस, पायात टायरच्या चपला. फलटणच्या मुक्कामात राहुटीत पाय चेपत बसलो असताना माझं सगळं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'माउलीबी ताटी लावून बसले होते, बाई. लोकं संन्याशाची पोरं म्हणायची. आईबापाला देहान्त प्रायश्चित्त दिलं, तरी पोरांना जवळ करंनात. मुक्ताबाई बाहेर उभी राहून म्हणत राहिली तवा दार उघडलं.' मग थोडं थांबून, 'आता बघ, चांदीच्या रथात.' त्यात जरासा टोमणाही होता. मला तो आवडला.

पंढरपुरात महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीवर त्यांनी डोकं टेकलं. हयातभर देवळाबाहेर ठेवलेल्या माणसाची समाधीही बाहेरच, नामदेव पायरीसमोर. देऊळ दलितांना खुलं झालं ते १९४७ साली, साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर. 'माझा आजा इथूनच माघारी फिरायचा,' आजी म्हणाल्या. तोपर्यंत त्यांची जात मला ठाऊक नव्हती, विचारायचं सुचलंही नव्हतं.

मी कळसदर्शन घेऊन एसटी गाठायच्या विचारात होते. म्हटलं, 'आजी, रांग पार गोपाळपूरपर्यंत गेलीय. उद्यासुद्धा नंबर लागायचा नाही.'

त्यांनी तुळस माझ्या हातात दिली, पदर खोचला. 'असू दे. आमचा नंबर लई जुना आहे.'