वाकेन, पण मोडणार नाही

सप्टेंबर उजाडला की आयोवा सिटीत आमच्या घरी येणारे पाहुणे, इथली मराठी मित्रमंडळी आणि भारतातून फोन करणारी भावंडे मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा बचाव एवढा नावाजलेला आहे, तर तो समोरच्या संघाला पाच-पाच, सात-सात यार्ड का घेऊ देतो? पुढे घुसून क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू हाती घेऊन पास फेकणाऱ्या खेळाडूला, आडवा का करत नाही? असला संथ खेळ तुम्ही इतक्या आवडीने कसा पाहता? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

अमेरिकन फुटबॉलचा हिशेब थोडक्यात असा: चेंडू ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावे लागते, आणि तेवढे जमले की नवे चार प्रयत्न मिळतात. चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपार नेला की टचडाऊनचे सहा गुण आणि बहुधा त्यावर एक. तिथवर पोचणे जमत नसेल, तर चेंडू खांबांमधून मारून तीन गुणांवर समाधान मानायचे.

कर्क फेरेन्ट्झ 1999 च्या हंगामापासून आयोवाचे मुख्य प्रशिक्षक आहेत. बचावाची सूत्रे 2011 पर्यंत नॉर्म पार्कर यांच्याकडे होती आणि 2012 पासून ती फिल पार्कर यांच्याकडे आहेत. आडनाव एक असले तरी दोघांचे नाते नाही, विचार मात्र एकच आहे. पुढच्या फळीतल्या चौघांनीच क्वार्टरबॅकवर चाल करायची, उरलेल्या सात जणांनी मागची जागा वाटून घ्यायची आणि दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे रक्षक, इतके खोल उभे ठेवायचे की त्यांच्या डोक्यावरून चेंडू जाताच कामा नये. जादा माणसे सोडून केलेली चाल, म्हणजे ब्लिट्झ, ही इथे क्वचितच दिसते. त्यामुळे समोर आखूड पास मोकळे राहतात आणि विरोधी संघ ते घेतोही. कसोटीत सीमारेषेवर क्षेत्ररक्षक ठेवून एकेरी धाव सोडणारा कर्णधार ज्यांना समजतो, त्यांना हे समजायला अडचण पडू नये.

मुद्दा असा की एका झटक्यात पन्नास यार्डांची घसघशीत कमाई होऊ दिली नाही, तर समोरच्या संघाला टचडाऊनसाठी दहा-बारा डाव, म्हणजे एकेक प्रयत्न, एकामागून एक बिनचूक खेळावे लागतात. समजा, दहा यार्डांचा एक टप्पा पुरा होण्याची शक्यता दहापैकी सात आहे. असे पाच टप्पे सलग पुरे होण्याची शक्यता साधारण सहात एक एवढीच उरते. आणि खेळणारी मुले एकोणीस-वीस वर्षांची असतात. कोणी चेंडू सोडतो, कोणी वेळेआधी हलतो आणि पाच यार्डांचा दंड ओढवून घेतो, तर कोणी घाईने भलत्याच्या हातात पास देतो. शिवाय गोलरेषा जवळ येते तसतसे मैदान आखडते. शेवटच्या वीस यार्डांत मागे राखायला खोली उरत नाही, सेफ्टी पुढे सरकू शकतात, आणि मघाशी मोकळे असलेले आखूड पास तिथे अचानक बंद होतात. सत्तर यार्ड चालून आलेला संघ मग तीन गुण घेऊन परततो.

या पद्धतीत प्रत्येकाने एका प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग न करता आपापली जागा राखायची असते, त्यामुळे त्याचे डोळे क्वार्टरबॅकवर राहतात. पास कुठे येणार हे त्याला आधी दिसते. 2021 मध्ये आयोवाने 25 पास मध्येच पकडले, आणि त्या वर्षी देशात तेवढे कोणालाही जमले नाही. 2017 मध्ये ओहायो स्टेटसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध पहिल्याच डावात अमानी हूकरने पास पकडून थेट टचडाऊन केले, त्याच सामन्यात जॉश जॅक्सनने तीन पास पकडले आणि आयोवा 55-24 ने जिंकला. ज्या बचावाला तुम्ही निष्क्रिय म्हणता, त्याचे हे काम आहे.

विद्यापीठीय खेळात या पद्धतीला आणखी एक आधार आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. खेळाडू चार-पाच वर्षांत निघून जातात, हंगामात आठवड्याला वीस तासांहून अधिक सराव नियमात बसत नाही, आणि देशातली सर्वाधिक गाजलेली शाळकरी मुले बहुधा आयोवाकडे वळत नाहीत. मग चाळीस डावपेच अर्धवट शिकवण्यापेक्षा थोडे डावपेच घोटून घेतलेले बरे. डेस्मंड किंग शाळेत असताना मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते. इथे आल्यावर 2015 मध्ये त्याने आठ पास पकडले आणि बचावाच्या मागच्या फळीतल्या देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा जिम थॉर्प पुरस्कार मिळवला.

बचावावरचा भरवसा किती खोल असू शकतो, हे पाहायचे तर 23 ऑक्टोबर 2004 चा पेन स्टेटविरुद्धचा सामना पाहावा. शेवटच्या सत्रात आयोवा 6-2 ने पुढे होता आणि चेंडू आयोवाच्याच गोलरेषेला खेटून अडकला होता. तिथून लाथाडलेला चेंडू अडवला गेला असता तर टचडाऊनच बसला असता. फेरेन्ट्झ यांनी आपल्याच गोलक्षेत्रात चेंडू अडकवून घेऊन पेन स्टेटला दोन गुण जाणूनबुजून दिले. या दोन गुणांनाही सेफ्टी असेच म्हणतात. सेफ्टीनंतर आयोवाला वीस यार्डांवरून मोकळी किक मिळाली आणि धोका गोलरेषेपासून लांब गेला. पण नीट पाहा: 6-2 असताना पेन स्टेटने तीन गुण मिळवले असते तरी आयोवा पुढेच राहिला असता, 6-4 झाल्यावर तेच तीन गुण सामना हरवायला पुरेसे होते. एवढी जोखीम फेरेन्ट्झ यांनी आपल्या बचावाच्या जिवावर पत्करली. पेन स्टेटला त्यानंतर एकही गुण मिळाला नाही. सामना 6-4 असाच संपला, आणि मला तो आजही थरारक वाटतो.

सावधपणा आणि भीती यांत मात्र मी फरक करते. 25 नोव्हेंबर 2023 रोजी ऑबर्न अलाबामाविरुद्ध 24-20 ने पुढे होता. अलाबामाचा चौथा, म्हणजे अखेरचा प्रयत्न होता आणि गोलरेषा 31 यार्ड दूर होती. ऑबर्नने क्वार्टरबॅक जेलन मिलरोवर फक्त दोघांना सोडले आणि बाकीचे मागे ठेवले. मिलरोला निवांत उभे राहून शोधायला वेळ मिळाला, आयझेया बाँडने कोपऱ्यात पास झेलला, आणि 32 सेकंद उरले असताना अलाबामा 27-24 ने पुढे गेला. मागे माणसे ठेवल्याने जागा भरते, पण क्वार्टरबॅकला सवड मिळाली की कोणतीही जागा फार काळ भरलेली राहत नाही. आयोवाचे चौघे प्रत्येक डावात जीव तोडून पुढे धावतात, ते यासाठीच.

या पद्धतीला किंमत आहे, हे मी नाकारत नाही. 2023 मध्ये आयोवाचे आक्रमण यार्डांच्या हिशेबात पहिल्या श्रेणीच्या सर्व संघांत तळाला होते. पंटर, म्हणजे अखेरच्या प्रयत्नात चेंडू लाथेने दूर पाठवणारा, टोरी टेलरने त्या हंगामात एकूण 4,479 यार्डांचे पंट मारून 1938 चा विक्रम मोडला. त्याच्या पायावर आणि फिल पार्कर यांच्या बचावावर संघाने दहा सामने जिंकले. मग बिग टेनच्या, म्हणजे आयोवा ज्या विद्यापीठांच्या साखळीत खेळतो तिच्या, अंतिम सामन्यात मिशिगनकडून 26-0 अशी हार झाली आणि तुमच्यातल्या कित्येकांनी मला तो आकडा ऐकवला. त्या 26 गुणांची फोड करून पाहा. एक टचडाऊन मिशिगनने आयोवाचा पंट झेलून 87 यार्ड परत धावत आणल्यावर अगदी गोलरेषेपाशी झाला, दुसरा आयोवाने आपल्याच हद्दीत चेंडू गमावल्यावर झाला, आणि उरलेल्या चारही वेळा मिशिगनला तीन-तीन गुणांवर थांबावे लागले. हा बचाव आपल्या नियमाप्रमाणे खेळला होता. आक्रमणाने साठ मिनिटांत एकही गुण केला नाही, त्याचा जाब बचावाला विचारणे मला मान्य नाही.