पीकेएक्झेकचं भगदाड बुजवताना: माझा अनुभव

२५ जानेवारी २०२२ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने पोलकिटमधली (लिनक्समध्ये कोणाला काय करू द्यायचं ते ठरवणारी व्यवस्था) त्रुटी जाहीर केली, तिचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२१-४०३४. पोलकिटसोबत येणारा पीकेएक्झेक हा प्रोग्राम सेटयूआयडी रूट असतो, म्हणजे कोणीही चालवला तरी रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) हक्काने चालतो, आणि मे २००९पासूनच्या प्रत्येक आवृत्तीत ही चूक होती. काही तासांतच चालता एक्सप्लॉइट (त्रुटी वापरून हल्ला करणारा कोड) उघड्यावर आला, त्यामुळे लिनक्स डेस्कटॉप पॅच करायला उशीर करणं परवडणारं नव्हतं.

मूळ गोची गमतीशीर आहे. प्रोग्रामला एकही आर्ग्युमेंट (सुरू करताना द्यायचे शब्द; शून्याव्या जागी प्रोग्रामचं नाव) न देता चालवलं, अगदी नावसुद्धा नाही, तरी तो मोजणी एकपासूनच सुरू करतो. मेमरीत आर्ग्युमेंटच्या यादीला लागूनच एन्व्हायरन्मेंटची, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंग्जची, यादी असते. म्हणजे वाचलं जातं पहिलं एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, आणि शोधलेला पूर्ण पाथ परत तिथेच लिहिला जातो. सेटयूआयडी प्रोग्राम सुरू होताना लोडर (प्रोग्राम मेमरीत चढवणारा भाग) धोकादायक व्हेरिएबल काढून टाकतो, ती या वाटेने परत आत घुसतात. मग जीकॉन्व्ह पाथ (अक्षरसंच बदलणाऱ्या लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारं असंच एक व्हेरिएबल) हल्लेखोराच्या फोल्डरकडे वळवला की नुसता एरर मेसेज छापतानाच त्याची लायब्ररी रूट म्हणून चालते. पोलकिटची सर्व्हिस बंद असली तरी फरक पडत नाही. ती थांबवून निर्धास्त झालेले लोक मी पाहिलेत.

पॅच हाताशी नव्हता तिथे मी पीकेएक्झेक फाइलची परवानगी ४७५५वरून ०७५५ केली, म्हणजे सेटयूआयडी काढलं. सुडो (रूट म्हणून आज्ञा चालवायची नेहमीची वाट) नीट चालतं. पार्टिशन बदलणाऱ्या जीपार्टेडसारखी पीकेएक्झेकवरून उघडणारी साधनं मात्र अडतात. पॅकेज अपडेट झालं की ४७५५ आपोआप परत येतं. ते बघून दचकू नका, पण पॅकेज खरंच नवं आहे ना, ते पाहा. तेव्हाच्या डेबियन-उबुंटूत पॅचनंतरही आवृत्तीचा मूळ आकडा ०.१०५ तसाच राहिला, बदलली ती शेपूट: उबुंटू २०.०४वर '२६उबुंटू१.२' किंवा त्यापुढचं हवं. मुख्य आकड्यावरून निकाल देणारे स्कॅनर इथे हमखास फसतात. रीबूट लागत नाही, कारण हा प्रोग्राम दर वेळी नव्याने सुरू होतो.

सगळ्यात चिवट निघतात जुन्या प्रती: क्रूट फोल्डर (सिस्टिमच्या आत ठेवलेली वेगळी छोटी सिस्टिम), दुसऱ्या पार्टिशनवरची जुनी सिस्टिम. पूर्ण डिस्कवर सेटयूआयडी फाइली शोधाव्यात आणि असे पार्टिशन नोसुइड (सेटयूआयडी निष्प्रभ करणारा पर्याय) लावून माउंट करावेत.

लॉगमध्ये पीकेएक्झेकची शेल व्हेरिएबलबद्दल तक्रार दिसली तर तो प्रयत्नाचा माग असू शकतो. पण माग न ठेवताही हल्ला जमतो. म्हणून अनोळखी खाती असलेल्या मशीनवर, लॉग कोरा असला तरी, मी सिस्टिम नव्यानेच टाकतो.