ताझाराच्या गाडीतून: दार-एस-सलाम ते कपिरी म्पोशी

टांझानियातल्या दार-एस-सलामचं ताझारा स्टेशन, म्हणजे टांझानिया-झांबिया रेल्वेचं स्टेशन, पाहिल्यावर पहिला प्रश्न पडतो तो हाच की एवढं अवाढव्य बांधलं कुणासाठी? न्येरेरे रोडच्या कडेला काँक्रीटचा भलामोठा ठोकळा, आत उंच छताचा हॉल, आणि झांबियाला जाणाऱ्या पॅसेंजर गाड्या आठवड्याला दोनच. मी शुक्रवारची ‘मुकुबा एक्सप्रेस’ धरली. फर्स्ट क्लासच्या कुप्यात चार बर्थ. बायका-पुरुषांचे कुपे वेगळे, अख्खा कुपा विकत घेतला तरच कुटुंबाला एकत्र बसता येतं. पंख्याच्या बटणाखाली चिनी अक्षरांची पत्र्याची पट्टी होती. तिच्यावर रंगाचे इतके हात बसले होते की अक्षरं दिसण्यापेक्षा बोटांनाच जास्त कळत होती. पंखा बंद होता.

समोरच्या बर्थवर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. इथे वडीलधाऱ्यांना नमस्कार म्हणून ‘शिकामू’ म्हणतात, तसं म्हटलं. ‘मरहबा’ असं उत्तर आलं आणि पाठोपाठ शेंगदाण्याची पुडी पुढे आली. सगळा डबा त्यांना ‘मझे’, म्हणजे वडीलधारे, म्हणत होता, मीही तेच म्हणू लागलो. तरुणपणी त्यांनी याच लाइनवर मजुरी केलेली. त्यांची इंग्रजी माझ्या स्वाहिलीपेक्षा पुष्कळच बरी होती, त्यामुळे गप्पा चालल्या.

या १,८६० किलोमीटर रुळांची गोष्ट थोडी सांगायला हवी. १९६४ साली स्वतंत्र झालेल्या झांबियाकडे तांबं भरपूर, पण समुद्र नाही. तांबं बाहेर काढायची मुख्य वाट दक्षिणेला ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतून जायची. १९६५च्या नोव्हेंबरात इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारने ऱ्होडेशियाचं स्वातंत्र्य परस्पर जाहीर केलं आणि झांबियाची मान त्यांच्या हातात गेली. झांबियाचे अध्यक्ष केनेथ कौंडा आणि टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी पूर्वेकडे नवी लाइन टाकायची ठरवली आणि पैशासाठी पाश्चात्त्य देशांकडे खेटे घातले. जागतिक बँकेने आधीच सांगून टाकलं होतं की हे परवडायचं नाही. ब्रिटन-अमेरिकेनेही रेल्वेला पैसा दिला नाही. अमेरिका रस्ता बांधायला तयार झाली, आणि तो तिने बांधलाही.

शेवटी १९६७च्या सप्टेंबरात बीजिंगमध्ये करार झाला. चीनने जवळपास १०० कोटी युआनचं बिनव्याजी कर्ज दिलं, फेडायची मुदत तीस वर्षांची. गंमत अशी की दरडोई उत्पन्नात तेव्हाचा चीन झांबियापेक्षा गरीब होता, आणि घरात सांस्कृतिक क्रांतीचा धुमाकूळ चालू होता. मग हा दानशूरपणा कशापायी? १९७१ साली संयुक्त राष्ट्रांत तैवानला हटवून चीनला जागा मिळाली, त्यात आफ्रिकी देशांच्या मतांचा वाटा मोठा होता. टांझानियाचे राजदूत सलीम अहमद सलीम या लढ्यात आघाडीवर होते. पुढे १९८१ साली हेच सलीम महासचिवपदासाठी उभे राहिले तेव्हा अमेरिकेने फेरीमागून फेरी नकाराधिकार वापरून त्यांना अडवलं. मदत घेतली एकाकडून आणि हिशेब चुकता केला दुसऱ्याने.

पूर्वीचं सेलू अभयारण्य, आताचं न्येरेरे राष्ट्रीय उद्यान, लागलं तोवर अंधारून आलं होतं. दोन जिराफ दिसले, पुढचं सगळं काळोखात गेलं. डायनिंग कारमध्ये भात आणि कोंबडी होती. कोंबडी चिवट होती, भात मात्र फक्कड.

सकाळी म्लिंबा आलं. खिडकीखाली केळ्यांचे घड, उकडलेली अंडी, डोक्यावर पातेलं घेतलेल्या बायका. इथून माकांबाकोपर्यंतचा टप्पा म्हणजे या लाइनचा जीव. गाडी डोंगर चढायला लागते आणि बोगदा, पूल, पुन्हा बोगदा असं सुरू होतं. एका वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन दरीपलीकडे दिसतं. कोकण रेल्वेने पावसाळ्यात रत्नागिरीच्या पुढे गेलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल, फक्त इथली माती जास्त लाल आणि वस्ती फारच विरळ.

मझे आता खिडकीला चिकटले होते. एका कटिंगकडे बोट दाखवून म्हणाले, “इथे पाऊस लागला की चिखल गुडघ्यापर्यंत. चिनी इंजिनियर आमच्याबरोबर चिखलात उतरायचा. भाषा येत नव्हती. स्वतः करून दाखवायचा, मग आम्ही करायचो.” त्यांच्या आठवणीतले गोरे साहेब जीपमधून उतरत नसत. चिनी लोक कुडाच्या झोपड्यांत राहत आणि भाजी स्वतः पिकवत. “पण आमच्याबरोबर जेवायला बसत नसत हं,” मझे हसत म्हणाले. या कामावर हजारो चिनी आले, आफ्रिकी मजूर त्याहून जास्त. दार-एस-सलामच्या वेशीवर चिनी तंत्रज्ञांचं कब्रस्तान आहे, तिथे साठहून अधिक थडगी आहेत. आफ्रिकी मजूरही मेले, पण त्यांच्यासाठी तसं कब्रस्तान बांधलेलं मला दिसलं नाही.

मी विचारलं, कर्ज बिनव्याजी होतं म्हणजे फुकटातच काम झालं ना? मझेंनी मान हलवली. “तेव्हा दुकानात जा, सगळा चिनी माल. टॉर्च चिनी, कापड चिनी, थर्मास चिनी.” आठवण अगदी बरोबर होती. मजुरी आणि इतर स्थानिक खर्चासाठी लागणारा पैसा उभा करण्याची युक्ती अशी होती की टांझानिया आणि झांबियाने चीनकडून उधारीवर माल आणायचा, तो आपल्या बाजारात विकायचा आणि त्यातून मजुरांचे पगार द्यायचे. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. पण चीनला एकट्याला कशाला नावं ठेवायची? आपल्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला जपानने ०.१ टक्का व्याजाने पन्नास वर्षांचं कर्ज दिलंय आणि त्याबरोबर शिंकानसेनचं तंत्रज्ञानही आलंय. भारताचं स्वतःचं धोरणही असंच आहे. आपल्या एक्झिम बँकेमार्फत गरीब देशांना ‘लाइन ऑफ क्रेडिट’ दिली जाते, त्यातला साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यावी लागते. टांझानियात भारतीय कर्जातून ट्रॅक्टर आले, तेही अर्थात भारतीय. मझेंना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, ट्रॅक्टर बरे आहेत, सुटे भाग लवकर मिळत नाहीत.

सुट्या भागांवरच तर ही लाइनही अडली. १९७६च्या जुलैत रेल्वे दोन्ही सरकारांच्या ताब्यात आली. चिनी डिझेल इंजिनं या चढांवर दमायला लागली, तेव्हा १९८०च्या दशकात जर्मन पैशातून नवी इंजिनं आणावी लागली. म्हणजे जी रेल्वे परवडणार नाही म्हणून पश्चिमेने नाकारली, तिचीच डागडुजी पुढे पश्चिमेने केली. वर्षाला २० लाख टन मालाची क्षमता धरून लाइन बांधली, तेवढा माल तिच्यावरून एकदाही गेला नाही. जागतिक बँकेचा हिशेब चुकीचा नव्हता. पण ऱ्होडेशियाच्या पकडीतून सुटण्याची किंमत त्या हिशेबात नव्हती, आणि कौंडांना सगळ्यात जास्त गरज त्याचीच होती.

मझे एम्बेयाला उतरले. मी टुंडुमाच्या सीमेवर पोचलो तेव्हा रात्र झालेली. पासपोर्टवर शिक्का गाडीतच बसल्याजागी मिळतो. टांझानियाच्या शिलिंगचे झांबियाचे क्वाचा करून देणारे लोक हातात नोटांची थप्पी आणि कॅल्क्युलेटर घेऊन डब्यात शिरतात. त्यांचा भाव ऐकून घासाघीस करावीच. बाहेर दिवे दिसत होते, ते सगळे ट्रकचे. तांब्याचे पत्रे बांधलेले ट्रक सीमेवर रांगेत ताटकळत उभे होते आणि शेजारी आमची अर्धी रिकामी गाडी.

झांबियात शिरल्यावर प्रदेश सपाट होतो, गाडीही रेंगाळते. कसामा, म्पिका, सेरेंजे. वेळापत्रक दोन दिवसांच्या आतलं आहे, पण ते मनावर घेऊ नये. म्पिकाला इंजिनसाठी बराच वेळ थांबलो, तेव्हा फलाटावर एका शाळामास्तरांशी बोलणं झालं. कर्जाचा विषय त्यांनीच काढला. २००५-०६ च्या सुमारास झांबियाचं बरंचसं परदेशी कर्ज माफ झालं होतं. मग तांब्याचे भाव वधारले, बाँडवाले, म्हणजे सरकारी रोखे घेणारे परदेशी गुंतवणूकदार, स्वतःहून पैसे द्यायला आले, चिनी बँका रस्ते आणि विमानतळांसाठी आल्या, आणि २०२०च्या नोव्हेंबरात देशाने हप्ता चुकवला. २०२३ साली सरकारी धनकोंशी ६.३ अब्ज डॉलरच्या कर्जाची फेररचना ठरली, त्यात सर्वात मोठा वाटा चीनचा. मास्तर म्हणाले, “पूर्वी एक सावकार होता, एका ऑफिसात जाऊन हातापाया पडता यायचं. हप्ता चुकला तेव्हा चिनी म्हणायचे आधी बाँडवाल्यांनी सोडावं, बाँडवाले म्हणायचे आधी चिन्यांनी. तोवर शाळेत खडू नव्हता.”

कपिरी म्पोशीचं स्टेशनही दार-एस-सलामच्याच घाटाचं, गावाच्या मानाने कितीतरी मोठं. तिथून लुसाका सुमारे दोनशे किलोमीटर, मिनीबस मिळतात. शेजारी एक तरुण बसला होता, तांब्याची वाहतूक करणाऱ्या कंपनीत कारकून. सध्या तिथे दोनच विषय चालतात. चीन आता ताझारा चालवायला घेऊन एक अब्जाहून अधिक डॉलर ओतणार आहे. आणि तिकडे अँगोलातल्या लोबितो बंदराकडे तांबं नेणाऱ्या रेल्वेमार्गामागे अमेरिका आणि युरोप उभे राहिलेत. खुद्द बायडेन २०२४च्या डिसेंबरात लोबितोला जाऊन आले. झांबियाने दोन्हीकडे सह्या केल्यात. न्येरेरे आणि कौंडांना सगळी दारं ठोठावल्यावर एकच उघडं मिळालं होतं. आज चीन आणि पश्चिम असे दोघे गिऱ्हाइकासारखे दारात उभे आहेत, तर भाव करून घ्यायला काय हरकत आहे? मी हे त्या तरुणाला म्हटलं. त्याला मात्र इतकंच हवं होतं की ट्रकची सीमेवरची रांग कमी व्हावी, कारण माल अडकला की पहिला फोन त्यालाच येतो.